टायरावरचा ‘भ’

गोव्यात मांद्र्याला समुद्राकडे उतरणाऱ्या रस्त्यावर एक गेस्टहाऊस आहे. त्याच्या फाटकाशी ट्रकचे जुने टायर रंगवून मांडलेत आणि काहींत सदाफुली लावली आहे. परवा तिथून जाताना एका रिकाम्या टायरात माझा हात आपोआप गेला. पाणी साचलंय का ते पाहिलं. मग टायरची बाजू चाचपली, दात कितपत झिजलेत ते अंगठ्याने पाहिलं. गेस्टहाऊसचा मालक पायरीवर उभा राहून हे सगळं बघत होता. त्याने विचारलं, “काय सांडला-हरवला काय तुमचा?”

“नाय,” मी म्हटलं, “एक जुनी खोड.”

ही खोड मला पाळी गावच्या भामावहिनींनी लावली. त्यांच्या अंगणात मी काही हंगाम माझा ट्रक उभा करत असे. त्या काळात डिचोली तालुक्यात स्वतःच्या नावावर ट्रक असलेली आणि ते स्वतः चालवून घेणारी दुसरी बाई माझ्या पाहण्यात नव्हती. त्यांच्याएवढा संशयी माणूस तर त्याआधीही पाहिला नव्हता आणि पुढेही नाही.

माझं घर पेडण्याकडचं, याच मांद्र्यात. माडांवर दोन भावांचं भागेना, म्हणून धाकट्याने, म्हणजे मी, जुना ट्रक घेतला आणि खाणींच्या पट्ट्यात गेलो. पाऊस संपला की पाळीच्या खाणींतून माती निघायला लागायची. आम्ही लोखंडाच्या दगडाला मातीच म्हणायचो. ती भरून मांडवीच्या धक्क्यावर ओतायची, तिथून बार्ज, म्हणजे सपाट मालबोटी, ती उचलायचे. पुढचा पावसाळा येईपर्यंत हेच. या धंद्यात ट्रकमालकाला खरा खाणारा प्राणी म्हणजे टायर. डांबरी रस्त्यावर जो टायर दोन वर्षं हसत काढेल, तो खाणीच्या खड्ड्यात एका हंगामात फाटतो. तिथला दगड कोयत्यासारखा. पहिल्या पावसानंतर तीच वाट लोण्यासारखी होते आणि झिजलेल्या टायराची गाडी भरल्या वजनानिशी मागे घसरते. मागे काय आहे ते तेव्हा बघायचं नसतं.

ट्रक उभा करायला जागा हवी होती. कोणीतरी म्हणालं, भामाबायच्या फणसाखाली विचार. मी गेलो. चिऱ्याचं कुंपण, आत दोन ट्रक, आणि एका ट्रकच्या मागच्या चाकाशी उकिडवी बसलेली ठेंगणी बाई. अंबाड्यात अबोलीचा वळेसर, पायात रबरी चपला, हातात हातोडी. ती टायरवर ठोका मारायची, कान देऊन ऐकायची, मग पुढच्या टायरकडे सरकायची. माझं बोलणं ऐकून घेताना तिने मान वळवली नाही.

“गाडी ठेवूक माझी ना नाय,” त्या शेवटी म्हणाल्या. “पण आधी गाडी बघूक व्हयी. उद्या तुझी गाडी माझ्या गाडयेर घसारली तर तू काय करतलंस, रडतलंस?”

माझ्या ट्रकभोवती त्यांनी एक चक्कर मारली. पुढचा डावा टायर मी आठवड्यापूर्वीच म्हापशाहून नवा म्हणून आणला होता. त्याच्यापाशी त्या थांबल्या. नाक जवळ नेऊन वास घेतला. केसातला आकडा काढला आणि दातांच्या मधल्या चरीत घालून खरवडला.

“हो खंयसून हाडलंस?”

“म्हापशाहून. नवा आहे.”

“नवो म्हणान हाडलेलो नवोच आसता असा नाय.” त्यांनी मला खाली वाकायला लावलं. चरीच्या तळाशी रबराऐवजी कापडाचे धागे दिसत होते. गुळगुळीत झालेल्या टायरावर गरम सुरीने नव्याने चरी कोरून, वर काळा रंग लावून दिला होता. असा टायर पुढच्या चाकाला, भरलेल्या गाडीला, खाणीच्या उतारावर.

दुसऱ्या दिवशी त्या स्वतःहून माझ्याबरोबर म्हापशाला आल्या. दुकानदार आधी हसला, मग चिडला, मग म्हणाला, एकदा विकलेला माल तो परत घेत नाही. भामावहिनी शांतपणे म्हणाल्या, “घेव नको. तुमी फक्त गाडयेत बसा. पुढच्या सीटार. पाळयेच्या खड्ड्यात खाली जावन वर येवया. टायर टिकलो तर असले आनी दोन घेतंय.”

“मला गिऱ्हाइकं आहेत बाई.”

“गिरायकांक पण घेवन चला.”

दुकानात टेकलेली दोन गिऱ्हाइकं उठून उभी राहिली. दुकानदाराने मुकाट्याने दुसरा टायर काढला. तो कागदात गुंडाळलेला होता. वहिनींनी सगळा कागद फाडून काढायला लावला, टायर उन्हात आणून दोन्ही बाजूंनी पाहिला, आतून हात फिरवला, आणि मगच होकार दिला.

परतताना मी आभार मानायला लागलो, तर म्हणाल्या, “रवांदी. तू तरी खरा बोलतंस हेचो काय भरवसो? चरी तूच कोरून हाडले आसशीत आनी त्या बिचाऱ्याक बुडयलंस.”

त्या थट्टा करत नव्हत्या.

त्यांच्या अंगणात गाडी ठेवायला लागल्यावर कळलं की हा त्यांचा रोजचाच श्वास होता. ट्रकच्या पोटाखाली लटकवलेल्या जादा टायराला त्यांनी दोन कुलपं लावली होती, एक दिसणारं आणि एक न दिसणारं. जॅक साखळीने बांधलेला. पान्ह्यांची पेटी बंद, किल्ली कंबरेला. खाणीकडे टायर बदलण्याचा चोरटा धंदा चाले. ड्रायव्हर चांगला टायर काढून विकायचा आणि त्या जागी रिमोल्ड, म्हणजे जुन्या सांगाड्यावर नवं रबर चढवलेला टायर, बसवून आणायचा. मालकाला कळायचं ते तो फुटल्यावर. म्हणून वहिनी प्रत्येक टायराच्या बाजूवर तापलेल्या सळईने ‘भ’ डागायच्या. एक बाहेर, चोराला दिसावा म्हणून. दुसरा आत, कुठे ते त्यांचं त्यांनाच ठाऊक. जुने झालेले टायर त्या फेकत नसत. कुंपणाशी त्यांचा ढीग होता, आणि पाणी साचून डास होऊ नयेत म्हणून प्रत्येकाला भोक पाडलेलं होतं.

टायरांपुरतं हे नव्हतं. सकाळी पोदेर, म्हणजे पाववाला, सायकलवरून उंडे घेऊन यायचा, तर त्या प्रत्येक उंडा दाबून बघायच्या, कालचा तर नाही ना. भटजींनी मुहूर्त सांगितला तर दुसऱ्या भटजींना विचारायच्या. देवळात जाताना चपला पिशवीत घालून आत न्यायच्या. त्यांचे यजमान, आपा, यावर म्हणायचे, “हिचो देवार विश्वास आसा. देवळात येणाऱ्यांचेर नाय.”

आपा स्वतः वीस-पंचवीस वर्षं ट्रक चालवून थकलेले. खाणीच्या रस्त्यांनी त्यांची पाठ मोडली होती. ते सोप्यावर खिडकीपाशी खुर्ची टाकून बसायचे, पानाचा डबा मांडीवर, रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येकाला हाक. कोणी काही मागितलं की देऊन टाकायचे. एकदा वहिनी डिचोलीला गेल्या असताना अंगणातला दुसरा जॅक त्यांनी एका अनोळखी ड्रायव्हरला दिला. तो गेला तो गेलाच. वहिनींनी विचारलं, माणूस कोण होता? आपा म्हणाले, “बरो माणूस होतो. तहान लागलेली तेका.” वहिनींनी कपाळाला हात लावला. त्या मला म्हणाल्या, “ह्यांच्या वाटणीचो संशय माकाच घेवचो पडता.”

त्यांचं एक वाक्य खाणीवर गाड्या भरायच्या ओळीतले सगळे ड्रायव्हर पाठ म्हणायचे. “टायर फुटलो तर आवाज येता. माणूस फुटलो तर येणा नाय.”

त्यांच्या थोरल्या ट्रकवर गोविंद होता. दोडामार्गाच्या पलीकडचा, म्हणजे हद्द ओलांडून महाराष्ट्रातला. उंच, कमी बोलणारा. त्यांच्याकडे सर्वांत जास्त काळ टिकलेला ड्रायव्हर तोच. रोज सकाळी वहिनी हातोडी घेऊन टायर ठोकायच्या तेव्हा तो बाजूला हाताची घडी घालून उभा राहायचा. एकदा भरायच्या ओळीत नंबर लागलेला असताना त्यांनी त्याला अंगणातच थांबवलं. मागच्या जोडचाकांतल्या आतल्या टायराचा आवाज त्यांना वेगळा वाटत होता. गोविंद म्हणाला, “वयनी, नंबर जातलो.” त्या म्हणाल्या, “जावंदे.” त्याने चाक उतरवलं. दोन टायरांच्या मध्ये पाचरीसारखा दगड अडकला होता आणि त्याने आतला टायर कापडापर्यंत कापत नेला होता. गोविंदाने दगड हातात घेतला, कुंपणापलीकडे फेकला आणि गाडीखालचा जादा टायर बसवायला लागला.

त्या दिवशी धक्क्यावर चहा पिताना मी त्याला विचारलं, रोज उठून तुझ्यासमोर तुझी गाडी तपासतात, तुला काही वाटत नाही?

“ती टायरांक बघता,” तो म्हणाला. “माका बघणा नाय. असा मी मनाक सांगतंय.”

त्याच सुमाराला, गोव्याची भाषा कोकणी की मराठी यावरून, आंदोलन पेटलं. आज त्याबद्दल बोलताना लोक हसतात, पण तेव्हा हसण्यासारखं काही नव्हतं. घरात बोलतो ती आणि देवळात वाचतो ती, यांतली सख्खी कोणती, यावरून भावाने भावाच्या घरचं पाणी टाकलं. चहाच्या टपरीवर आपण तोंड उघडलं की पलीकडचा माणूस आधी शब्द तोलायचा, हा कुठला, कोणाकडचा, आणि मगच उत्तर द्यायचा. सगळा गाव एकाएकी भामावहिनींसारखा झाला होता. त्यांना मात्र त्यात नवल वाटलं नाही. “आता कळला सगळ्यांक,” एवढंच त्या म्हणाल्या.

रस्ते अडवायला लागले. झाडं आडवी टाकायची, दगड रचायचे, आणि मधोमध टायर पेटवायचे. टायर जळायला लागला की तो विझवणं कठीण. दिवसभर काळा धूर निघतो आणि लांबून दिसतो. त्यामुळे जुन्या टायरांना कधी नव्हे ती मागणी आली. एका दुपारी पाच-सहा पोरं फाटकाशी आली. नम्रपणे म्हणाली, “काकी, थोडे जुने टायर दी मगो.”

“कित्याक?”

“रस्त्यार जाळूक.”

“कोणाच्या वतीन?”

त्यांनी सांगितलं. वहिनी म्हणाल्या, “आनी फाल्यां दुसरे इले तर तेंका काय सांगू?”

पोरं तशीच परत गेली. दोन दिवसांनी दुसरे आलेच, त्यांनाही वहिनींनी तसंच परत पाठवलं. “ह्या टायरांनी माझा घर चालयलां,” त्या म्हणाल्या. “तेंचो धूर कोणाच्याच डोळ्यात जावचो नाय.” आणि फाटकाला आणखी एक कुलूप लावलं. त्याच्या तीन किल्ल्या होत्या. एक त्यांच्या कंबरेला, एक घरात आपांकडे, आणि एक गोविंदाकडे, कारण पहाटे गाडी तोच बाहेर काढायचा.

त्या आठवड्यात डिचोलीकडच्या तिठ्यावर रस्ता अडवला गेला. पोलिसांनी मोकळा केला तेव्हा एक अर्धवट जळलेला टायर बाजूला पडला होता, आणि त्याच्या न जळलेल्या बाजूवर ‘भ’ होता. फौजदार संध्याकाळी अंगणात आला. त्याच्या मागून गावातले दोन वडीलधारेही आले, त्यांनी विचारलं, भामाबाय, तुमी त्यांच्या बाजूक कधीपासून? वहिनी नाही म्हणत होत्या, पण खूण त्यांचीच होती, आणि ती त्यांच्याच हाताने डागलेली आहे हे सगळ्या तालुक्याला माहीत होतं. हे कमी होतं म्हणून की काय, दुसऱ्या दिवशी दुसऱ्या पक्षाच्या अडथळ्यातही ‘भ’ सापडला. आता दोन्हीकडून बोट त्यांच्यावर. धाकट्या ट्रकची पुढची काच कोणीतरी दगड मारून फोडली. खाणीवर भरायच्या ओळीत बाकीचे मालक म्हणायला लागले, हिची गाडी आमच्यात नको, हिच्यामुळे आमच्या गाड्या अडवतील. दोन्ही ट्रक फणसाखाली उभे राहिले.

वहिनी कुंपणाशी गेल्या. वरचे टायर तसेच होते, पण ढीग मागच्या बाजूने पोकळ झाला होता. कुलूप शाबूत होतं. म्हणजे ते किल्लीने उघडलं होतं.

मी तिथेच होतो. माझ्या गाडीचं ऑइल बदलत होतो. दोन-तीन ओळखीचे ड्रायव्हरही होते. गोविंद विहिरीवरून तोंड धुऊन येत होता.

“गोविंदा,” वहिनी म्हणाल्या, “चावी दी.”

त्याने खिशातून किल्ली काढली. “काय झाला?”

“टायर कोणाक दिलंस?”

“वयनी, मी दिवक नाय.”

“मगे टायर पाय फुटून गेले?”

“माका म्हायत नाय. पण मी दिवक नाय.”

वहिनींचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. “ह्या भांडणात तुमच्या हद्दीपलीकडले काय बोलतत ता माका म्हायत आसा. भायल्या माणसाक मी चावी दिलंय, ही माझीच चूक.”

‘भायलो’, म्हणजे बाहेरचा, हा शब्द त्या दिवसांत फार हलका झाला होता, कोणीही कोणालाही म्हणायचं. पण गोविंदाला तो लागलेला मी पाहिला. त्याने किल्ली पाण्याच्या टाकीच्या कठड्यावर ठेवली, हातात दिली नाही. ट्रकच्या केबिनमधून आपली चादर आणि जेवणाचा डबा काढला. जाताना थोरल्या ट्रकच्या पुढच्या टायराला त्याचा हात नुसता लागून गेला. फाटकाबाहेर पडेपर्यंत तो मागे वळला नाही.

सोप्यावर आपा बसले होते. ते पानाचा डबा उघडत होते, मिटत होते, पुन्हा उघडत होते. पान काही लावलं नाही.

पुढचे महिने वाईट गेले. वहिनींनी दोन ड्रायव्हर बदलले. पहिल्याने खरोखरच टायर बदलून आणला, आणि त्यांनी आतला ‘भ’ नसल्याचं पाहून त्याला त्याच दिवशी काढलं. हे सांगताना त्यांना एक प्रकारचं समाधान होतं. जग आपल्याला वाटतं तसंच आहे, याचं समाधान. पण सकाळी टायर ठोकताना, पूर्वी गोविंद जिथे हाताची घडी घालून उभा असे, तिकडे त्या एकदा बघायच्या. ते मी पाहिलं आहे.

मग आंदोलन ओसरलं. काही काळाने गोवा राज्य झालं. डिचोलीच्या बाजारात फटाके वाजले, पेढे वाटले. ज्यांनी वर्षभर एकमेकांकडे पाहिलं नव्हतं त्यांनी एकमेकांना पेढे भरवले. संध्याकाळी वहिनींनी मला चहाला बोलावलं. आपांची तब्येत तेव्हा उतरलेलीच होती. आम्ही तिघं सोप्यावर होतो. रस्त्यावरून पोरांची एक मिरवणूक गेली, पोरांनी आपांना हात केला, आपांनीही हात केला, आणि हात खाली न घेताच म्हणाले, “भामा, ते टायर मी दिले.”

वहिनींनी कप खाली ठेवला.

“तू बाजारात गेली होतंस. भुरगे इले. ‘आपाकाका’ म्हणाले. नाय म्हणूक जमला नाय. मागसून दुसरे इले. एकांक दिले आनी दुसऱ्यांक नाय म्हटला तर ता बरा दिसता?”

आपा पुढे म्हणाले, “मी त्याच दिसा सांगतलो होतो. पण तू सगळ्यांसमोर गोविंदाक बोललंस. मगे माझा तोंडच उघडूक नाय.”

मला वाटलं आता काहीतरी फुटेल. पण वहिनी बराच वेळ आपांकडे नुसत्या बघत राहिल्या, जसं एखाद्या अनोळखी माणसाकडे बघावं तसं. मग अगदी हळू म्हणाल्या, “सगळ्यांचेर संशय घेतलंय. तुमचेर घेवचो रवलो.”

दुसऱ्या दिवशी सकाळी आजूबाजूचे ड्रायव्हर गाड्या काढत होते तेव्हा त्या फाटकाशी येऊन उभ्या राहिल्या. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, “ते टायर आमच्या घरातसून गेले. गोविंदान दिवक नाय. मी तेका उगीच बोललंय.” मग माझ्याकडे वळल्या. “रघुनाथ, गाडी काढ. दोडामार्गाकडे जावया.”

गोविंदाचं घर चढणीवर, काजूच्या झाडांत. तो अंगणात दुसऱ्या कुणाच्या तरी चिऱ्यांच्या ट्रकचा टायर उघडून बसला होता, पंक्चर काढत. त्याने वहिनींना पाहिलं, उठला, हात पुसले. त्याच्या बायकोने पाणी आणून दिलं. वहिनी परक्या घरचं पाणी सहसा पीत नसत, गाडीत बाटली बरोबर असे. त्या दिवशी त्यांनी तांब्या उचलला आणि पाणी प्याल्या.

“टायर आपांनी दिले,” त्या म्हणाल्या.

“म्हायत आसा माका.”

“तुका म्हायत होता?”

“मी तेव्हा गाडी धुयत होतंय. बघितलंय तेंका कुलूप काढताना.”

“आनी तू बोलूक नाय?”

गोविंद म्हणाला, “मी तेंचा नाव सांगितला असता तर तुमी विश्वास ठेवला असतास?”

वहिनींनी विचार केला. खरंच विचार केला, असं मला दिसलं. “नाय,” त्या म्हणाल्या.

“तर मगे.”

त्याची बायको दारात उभी होती, ती आत गेली. वहिनी म्हणाल्या, “परत ये. गाडी तुझीच आसा.”

“येतलो होतंय,” तो म्हणाला. “पण फाल्यां सकाळी तुमी परत हातोडी घेवन टायर ठोकतल्यात. आता मी मनाक काय सांगू? ती टायरांक बघता, माका नाय, असा आता सांगूक जमणा नाय.”

“ठोकतलंय,” वहिनी म्हणाल्या. “नाय ठोकणय असा खोटा कित्याक सांगू.”

गोविंद हसला. त्या हसण्यात राग नव्हता, पण तो आला नाही. आम्ही निघालो तेव्हा त्याने माझ्या ट्रकच्या चारी बाजूंनी नजर फिरवली आणि म्हणाला, मागचा उजवा जरा बघ, हवा कमी दिसते. वहिनी केबिनमध्ये चढल्या. अर्ध्या वाटेवर त्यांनी पदराने डोळे पुसले आणि मला म्हणाल्या, “धूळ किती आसा ह्या वाटेर.” रस्ता डांबरी होता.

घरी आल्यावर त्यांनी आपांकडची किल्ली मागून घेतली. आपांनी लगेच दिली. त्यानंतर दोघांत भांडण झाल्याचं मी ऐकलं नाही. दोन वर्षांनी आपा गेले. शेवटच्या आजारात वहिनी औषधाची प्रत्येक बाटली उजेडात धरून वाचायच्या, आणि आपा झोपेतून डोळे उघडून म्हणायचे, “पिवचा की नको, सांग.” त्यांनी ‘पिया’ म्हटलं की प्यायचे.

मी ट्रक विकला आणि मांद्र्याला परत आलो. तिकडे परदेशी पाहुणे यायला लागले होते, भावाने दोन खोल्या काढल्या होत्या. पाळीशी संबंध तुटला. पण खाणीकडचा एक जुना ड्रायव्हर अधूनमधून भेटायचा, त्याच्याकडून कळायचं. वहिनींनी धाकटा ट्रक काढून टाकला, थोरला ठेवला. मग एकदा त्याने सांगितलं की गोविंद आला होता.

गोविंदाने स्वतःचा ट्रक घेतला होता. जुना, दुसऱ्याने वापरलेला, पण स्वतःचा. तो घेऊन तो सरळ पाळीला आला, अंगणात उभा राहिला. वहिनी फणसाखाली सुपारी फोडत बसल्या होत्या.

“टायर घेवचे आसत,” तो म्हणाला. “सावंतवाडीक जातंय. माझ्या वांगडा चला.”

“आनी कोण गावलो नाय तुका?”

“विश्वासाचो कोण नाय,” गोविंद म्हणाला.

वहिनींनी त्याच्याकडे वर बघितलं, त्याच्या ट्रककडे बघितलं. “ह्यो कोणी विकलो तुका?” त्यांनी विचारलं. “तेणी तुका बुडयलो.” आणि लुगडं बदलायला आत गेल्या.

त्यानंतर गोविंद त्यांना दर हंगामाच्या आधी न्यायला येई, असं तो ड्रायव्हर म्हणाला. त्याचे टायर त्याच निवडायच्या. त्याच्याकडे नोकरीला माणूस नव्हता, गाडी तो स्वतःच चालवायचा, त्यामुळे त्यांना संशय घ्यायला कोणी उरलं नव्हतं. तरी त्या गाडीभोवती एक चक्कर मारायच्याच, आणि गोविंद हाताची घडी घालून उभा राहायचा.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते गोव्याच्या हद्दीवरच्या पत्रादेवीच्या नाक्यावर. मी बांद्याहून येत होतो, माझी बस तपासणीसाठी थांबली होती. शेजारच्या ओळीत एक ट्रक उभा होता, हौद्यात नवे टायर दोरीने बांधलेले. ड्रायव्हरच्या जागी गोविंद, कानशिलांवर केस पांढरे झालेला. मी खिडकीतून हाक मारणार, तेवढ्यात त्याने माझ्याकडे पाहिलं आणि ओठांवर बोट ठेवलं.

पलीकडच्या सीटवर भामावहिनी झोपल्या होत्या. मान एका बाजूला कललेली, तोंड किंचित उघडं, चष्मा नाकावरून घसरलेला. माझ्या गाडीतून त्या किती वेळा आल्या-गेल्या होत्या. रस्ता कितीही लांबचा असो, त्यांचा डोळा लागलेला मी एकदाही पाहिला नव्हता. नेहमी त्यांची नजर रस्त्यावर, नाहीतर माझ्या हातांवर. आता नाक्यावरचा सगळा आरडाओरडा चालू होता, शिपाई पत्र्यावर काठी आपटत होता, आणि त्यांना काही पत्ता नव्हता.

दांडा वर झाला. गोविंदाने गाडी इतकी हळू काढली की मागचा ट्रक भोंगा वाजवायला लागला. त्याने तिकडे लक्ष दिलं नाही. रस्त्यातला खड्डा आला तसं त्याने चाक वळवून तो चुकवला. वहिनी जरा हलल्या, जाग्या झाल्या नाहीत. त्यांचा उजवा हात मांडीवर पडला होता. डावा मात्र झोपेतही दाराच्या कडीला घट्ट धरून होता.